फाटल्यावर काय?

डॉक्टरनं चिमट्यानं ते रबर उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. बाहेर रांगेत तीस-चाळीस माणसं. तापाची, खरजेची, लेकरं कडेवर घेतलेली. दार उघडंच.

"देखो भाई, देखो," डॉक्टर म्हणाला. "ये हमारे पेंटर साहब. दुनिया की दीवार पे ज्ञान लिखते हैं, और घर में ये करते हैं."

रबराला मधोमध चीर होती. त्या चिरेतून अंगणातला निंब दिसत होता.

रांग हसली. कंपाउंडर बाटली भरता भरता हसला, औषध टेबलावर सांडलं. आणि मी? मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं लपवायचा मोह व्हायचा नाही.

हसायची मला जुनी सवय. रामपायलीजवळच्या आमच्या खेड्यात शाळेच्या माठाला आम्ही हात लावायचा नसे. तहान लागली की ओंजळ धरून खाली बसायचं, वरच्या आळीतला एखादा पोरगा लांबून पाणी ओतायचा. बहुतेक वेळा नाकावर. एकदा मी ओंजळ धरलीच नाही. तोंड वासलं, डोळे गरगर फिरवले आणि बेडकासारखं 'डरावऽ' केलं. पोरं हसून लोळली. त्या दिवशी मला पोटभर पाणी मिळालं. सात वर्षांचा होतो, पण धंदा कळला. त्यांनी हसायच्या आधी आपणच हसवायचं. लागतं कमी, पाणी जास्त मिळतं.

पुढं बाप नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला. घरातले देव नदीत सोडले आणि मला समोर बसवून म्हणाला, "आता कोनापुढं वाकाचं नाही." मी वाकणं सोडलं. बेडूक काही सोडला नाही.

मोठेपणी मी पेंटर झालो. चित्रं काढणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची फुलं, वकिलांची नावं. मग सरकारी काम लागलं. बिरशापासून लामत्यापर्यंत जी भिंत दिसेल तिच्यावर लाल तिकोन काढायचा, टोक खाली, आणि शेजारी लहान कुटुंबाच्या सुखाची एक ओळ. सायकलला शिडी बांधून मी निम्मा बालाघाट जिल्हा लाल केला. माझं हिंदी अक्षर माझ्या हिंदीपेक्षा चांगलं होतं. लोक थांबून विचारायचे, "पेंटर, इसका मतलब क्या?" मी म्हणायचो, "मतलब सरकार को मालूम. मेरे को कलर मालूम." पुन्हा हशा. चहा मिळायचा.

मतलब मला घरीच कळणार होता.

माझी बायको कौसल्या, लामत्याची. मी कौसा म्हणतो. घरी बिड्या वळायची. पहिला मुलगा नीट झाला. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली आणि कौसाचं रक्त थांबेना. सुईण घाबरून उठून गेली. बैलबंडीत घालून दवाखान्यात आणलं तर बंडीत अंथरलेलं तणस लाल. तिथं एक सिस्टर होत्या, गोंदियाकडच्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी ते रक्त थांबवलं कसंतरी. चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, या बाईचं अंग तिसरं झेलणार नाही. ध्यानात ठेवा."

ध्यानात ठेवलं. कसं ठेवलं? ओसरीत झोपायला लागलो. दीड वर्ष. नस कापून घ्यावी असं भिंतीवर मीच लिहीत होतो. पण नस कापली की माणसाला सायकल चालवता येत नाही, असं आमच्या वॉर्डात पक्कं मत होतं. आता भिंतीवर आपणच लिहिलेलं आपण थोडंच मानतो!

मग दवाखान्यात सरकारी रबराची पाकिटं आली. कंपाउंडरनं डोळा मारून मूठभर खिशात कोंबली. "ले जा पेंटर, ऐश कर." मी विचारलं, ठेवायची कशी? "ठंडी जगह," तो म्हणाला. संपलं शिक्षण.

घरी येऊन एक पाकीट उघडून पाहिलं. रबर कोरडं, भुकटी लावलेलं. मला वाटलं, हे असंच ठेवलं तर वाळून तडकणार. मी कारागीर माणूस. माझे ब्रश दहा दहा वर्षं टिकतात ते कशामुळं? काम झालं की धुतो, पुसतो आणि केसांना जवसाचं तेल चोळून ठेवतो. म्हणून नरम राहतात. मी विचार केला, जे ब्रशाला चांगलं ते रबराला चांगलं. आणि एका सकाळी, सांगायला आज लाज वाटते, मी अकराच्या अकरा रबरं उघडली, एकेकाला बोटानं तेल चोळलं, नीट गुंडाळली आणि तंबाखूच्या डबीत घालून रंगाच्या पेटीत ठेवली. कौसा बिडी वळता वळता पाहत होती. म्हणाली, "एवढी सेवा माही केली असती तं." मी म्हटलं, "तुह्याचसाठी तं चालली."

मला त्या डबीचा अभिमान होता.

एका खोलीच्या घरात रात्र नवराबायकोची नसते. म्हाताऱ्या माणसांची नि लेकरांची असते. आमची असायची ती बाजाराच्या दिवसाची दुपार. माझी माय दोन्ही लेकरांना घेऊन रविवारी बाजारात जायची. तशी एक दुपार आली. दीड वर्षानं. बाकी काय लिहायचं? दोन माणसं खूश होती, एवढं लिहितो.

मग मी खाली पाहिलं.

कौसानं माझं तोंड पाहिलं. उठून बसली. "काय झालं?"

"फाटलं."

बाहेर कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. मग ती म्हणाली, "मंग आता?"

आयुष्यात मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले. मास्तरांनी विचारले, ठेकेदारांनी विचारले. प्रत्येकाला माझ्याजवळ एक गमतीचं उत्तर असायचं. या दोन शब्दांना नव्हतं. खोलीत मी, कौसा, आणि कोपऱ्यात रंगाची पेटी. चुकीचं अक्षर पडलं की मी टर्पेंटाईनचा बोळा फिरवतो, अक्षर निघून जातं. मी पेटीतल्या टर्पेंटाईनच्या बाटलीकडं पाहिलं. कौसानं माझ्याकडं पाहिलं. "हात तं लावून पाहा," ती म्हणाली. मी नजर वळवली.

शेजारी सखूबुढी राहायची. तिच्याकडं सगळ्याचं औषध. कौसानं तिला आडून आडून विचारलं, बुढीला सरळ कळलं. कच्ची पपई खा म्हणाली. जुना गूळ नि तीळ खा. ओट्यावरून उड्या मार. आणि हे सगळं करून दिवस गेलेच, तर "मी मुळी देतो, कोनाले समजनार नाही." मागच्या गल्लीतली एक बाई तिच्या मुळीनंच गेली होती. ते बुढीला माहीत होतं, आम्हालाही. तरी आम्ही तिचं ऐकत उभे होतो. दुसरं ऐकायला होतंच कोण?

कौसानं पपई खाल्ली. उड्या मारायला ती तयार होईना, म्हणून मी ओट्यावर चढून करून दाखवलं. पाय मुरगळला. उडी मारायची तिनं, लंगडा झालो मी. ती हसली त्यावर. हसता हसता तोंडावर पदर घेतला आणि मग तिचे खांदे वेगळेच हलायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंगडत दवाखान्यात गेलो. ते रबर वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत नेलं. मला वाटलं, डॉक्टर जखम पाहतो, थुंकी पाहतो, तसं हेही पाहील. पाहिल्याशिवाय इलाज कसा सांगेल?

त्यानं पाहिलं. सगळ्यांना दाखवलं. ते वर लिहिलंच आहे. पुढचं राहिलं.

"साहब," मी म्हटलं, "फट गया. अब क्या करना? घरवाली को तीसरा हुआ तो मर जाएगी. सिस्टर बोली है."

त्यानं रबर नाकाजवळ नेलं. "क्या लगाया इसको?"

"जवस का तेल."

"जवस का तेल!" तो रांगेकडं वळला. "चटनी बनाने चला था!"

पुन्हा हशा. आणि इथं मी जे केलं ते मला अजून डाचतं. माणसं हसायला लागली की माझी जीभ आपोआप सुटते. मी म्हटलं, "साहब, ब्रश को लगाता हूँ. नरम रहता है." लोकांनी पोट धरलं. एक म्हातारा खोकत खोकत भिंतीला टेकला. मी लंगडा पाय उचलून ओट्यावरची उडीही करून दाखवली. डराव, डराव. पाणी मिळेल या आशेनं.

हशा ओसरल्यावर मी पुन्हा विचारलं. "साहब, कोई दवाई?"

"शरम की दवाई होती तो तेरे पूरे मोहल्ले को पिलाता." डॉक्टर खुर्चीत बसला. "टेबल खाली है. चढ़ जा, नस काट देता हूँ. मेरा एक केस हो जाएगा."

"उससे कल वाला रुकेगा, साहब?"

"कल वाला तो भगवान रोके." मग किंचित थांबून, रांगेला ऐकू जाईल असं, "पर तुम लोगों ने तो भगवान भी छोड़ दिया."

या खेपेला सगळे हसले नाहीत. काहींनी खाली पाहिलं. मी मात्र तोंड वासूनच उभा. हसू ओठांवरून उतरेना, वाळलेल्या रंगासारखं.

डॉक्टरला काहीतरी सुचलं. त्यानं बोट माझ्याकडं केलं. "सुन. दो इतवार बाद लामता में परिवार नियोजन का कैंप है. स्टेज पे यही बोलना, जैसा अभी बोला. तेल, ब्रश, कूदना, सब. लोग हँसेंगे तो आएँगे. तेरी औरत को मैं देख लूँगा."

"जी साहब."

देख लूँगा म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आत काहीतरी औषध असेल, मोठ्या माणसांच्या कपाटात असतं तसं, आणि मी नीट नाचलो की ते बाहेर येईल, असं मला वाटलं. बाहेर पडलो तेव्हा रबर त्याच्या टेबलावरच राहिलं होतं, कागदावर, गहाण ठेवल्यासारखं.

नळापाशी सिस्टर हात धूत होत्या. "भाऊ, थांबा."

मी थांबलो. तोंड हसरं केलं. त्या हसल्या नाहीत.

"फाटल्यावर द्यायचं औषध इथं नाही. माझ्याजवळ नाही, डॉक्टरांजवळही नाही. ते नाही म्हणत नाहीत, एवढंच. पपईनं काही होत नाही. मुळी, काडी कोणालाच करू देऊ नका, त्यानं बाई जाते. पाळीची तारीख कधीची आहे?"

मला माहीत नव्हतं.

"घरी जाऊन विचारा. तारखेच्या वर आठ दिवस गेले तर मला येऊन सांगा, लपवू नका. राहिलंच तर बाळंतपण घरी करायचं नाही, मोठ्या दवाखान्यात न्यायचं, मी चिठ्ठी देईन. आणि रबराला तेल लावायचं नाही. कोणतंच. तेलानं रबर कुजतं."

"नस कापली तं, सिस्टर?"

"चांगलं आहे. पण ते पुढच्यासाठी. झालेलं त्यानं थांबत नाही. कापल्यावरही तीन महिने रबर वापरावं लागतं."

अर्धा मिनिट लागला असेल. नळ चालूच होता, बादली भरलीसुद्धा नव्हती.

मी सायकल धरून उभा राहिलो. पाय ठणकत होता. आत माझ्यावर अर्धा तास हसणं झालं, आणि उत्तर अर्ध्या मिनिटाचं होतं. 'नाही' एवढंच उत्तर. वाईट उत्तर. पण ते उत्तर होतं, आणि ते माणसाला सांगतात तसं सांगितलं होतं.

घरी येऊन कौसाला तारीख विचारली. ती दाराच्या मागं बोट करून म्हणाली, "पाहा न."

दाराच्या मागच्या अंगाला कोळशाच्या रेघा होत्या. लहान लहान, ओळीनं, मध्ये मध्ये एखादी आडवी. मी त्या वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या. लेकरांचा खेळ समजत होतो. आदल्या सणाला मी हौसेनं ते दार निळं रंगवलं आणि तिच्या कितीतरी महिन्यांच्या रेघा रंगाखाली घातल्या. दुसऱ्या दिवशी तिनं निळ्यावर नव्यानं सुरू केल्या होत्या.

जिल्हाभर भिंती वाचत हिंडणारा मी. घरातलं दार वाचता आलं नाही.

बारा दिवस उरले होते.

ते बारा दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. मी कामावर जायचो, लाल तिकोन काढायचो. शिडीवर उभा राहून ब्रश फिरवताना वाटायचं, या तिकोनाच्या आत आम्ही दोघं बसलो आहोत आणि तिन्ही बाजू मीच जाड करतो आहे. घरी आलो की आधी कौसाच्या तोंडाकडं पाहायचो. ती मान हलवायची. नाही. रोज एक रेघ वाढायची. ती जास्त बिड्या वळायला लागली होती. लेकरांचे कपडे शिवून ठेवायला लागली. एकदा मायला म्हणाली, "पोरीचे केस तुमी विंचरत जा आतापासून, तिले सवय होऊ द्या." माय काही समजली नाही. मी समजलो आणि उठून बाहेर गेलो.

मी एकाच गोष्टीवर टेकलो होतो. देख लूँगा. कॅम्पात चांगलं हसवलं की डॉक्टर पाहून घेईल.

कॅम्पाच्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घातला आणि लेकरांपुढं तालीम केली. तेल चोळलं, ब्रश फिरवला, उडी मारली. लेकरं खिदळली. कौसा सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. मान वर केली नाही.

"माह्या बापाच्या गावात जाऊन माह्या अंगाची गोष्ट सांगता?"

"तुह्यं नाव कुठं घेतो वं? माहीच चूक सांगतो."

"रबर कोनासाठी होतं मंग? भिंतीसाठी?"

मी ब्रश पेटीत ठेवला.

"डॉक्टर तुले पाहून घेतो म्हनला," मी म्हटलं.

"काय पाहून घेतो? इचारलं तुमी?"

"नाही."

"कधीच इचारत नाही तुमी. हासता." तिनं बिडीचं तोंड नखानं दुमडलं. "सिस्टर सांगून राह्यली का दवा नाही, आन तुमी नाचाले चालले. मी मेली तं मेली. पन मले हासून मारू नका."

दारामागं त्या सकाळची रेघ तिनं ओढलेली होती. तारीख आदल्या दिवशीच येऊन गेली होती.

लामत्याला शाळेच्या मैदानात मांडव. कर्ण्यावर गाणी. आसपासच्या खेड्यांतून माणसं आणली होती. बाया एका बाजूला, डोक्यावर पदर. पहिल्या रांगेत माझा सासरा, पांढरी टोपी घालून, आपला जावई स्टेजवर बोलणार म्हणून ताठ बसलेला. डॉक्टरनं माईक हातात घेतला. "अब सुनिए हमारे पेंटर का किस्सा. पेट पकड़ के सुनिए."

मी चढलो. लोक आधीच हसायला लागले होते, माझ्या लंगडण्याला. खरं सांगतो, बेडूक घशापर्यंत आला होता. वीस वर्षांची सवय. तोंड वासलंसुद्धा.

सासऱ्यानं टोपी सारखी केली. एवढंच पाहिलं मी.

"मी रबराले तेल लावलं," मी म्हटलं. "तेलानं रबर फाटते. मले कोनं सांगतलं नव्हतं. आता तुमाले सांगून राह्यलो. कोनतंच तेल लावाचं नाही."

कोणी हसलं नाही. हसायला जागाच नव्हती. डॉक्टरनं हात हलवून खुणावलं, उडी, उडी.

मी त्याच्याकडं वळलो. माईक माझ्याजवळच होता. "साहब, मैं पूछने आया था. फट जाए तो औरत को क्या करना? आप हँसे. बताया नहीं. अब बताइए."

"बैठ जा."

"बैठता हूँ साहब. पहले बताइए. दवाई है कि नहीं? हाँ या ना."

कर्ण्यातून माझा आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. हाँ या ना. मला माहीत होतं, हे विचारून मी कौसाची ती 'देख लूँगा'ची दोरी स्वतःच्या हातानं कापतो आहे. दोरी होती का, हेच पाहायचं होतं.

डॉक्टरचं तोंड लाल झालं. "नहीं है," तो म्हणाला. "ऐसी कोई दवाई यहाँ नहीं है."

"इतना ही पूछा था, साहब."

मी उतरायला लागलो तर बायांच्या बाजूनं एक आवाज आला. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, कोण ते दिसलं नाही. "आन लूप बसवल्यावर अंगावरून जाऊन राह्यलं, तं कोनाले सांगाचं?" तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. डॉक्टर माईक शोधत होता. माईक माझ्या हातातच राहिला होता; मी तो खाली, बायांच्या बाजूला नेऊन दिला.

दवाखान्याच्या ज्या जीपमधून आलो होतो ती माझ्याशिवाय परत गेली. रंगाची पेटी रस्त्यावर काढून ठेवलेली. मी अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं घरी आलो.

सोमवारी दुकानं उघडायच्या वेळी मी दवाखान्यापुढं शिडी लावली. रस्त्याकडची ती भिंत मला आधीच नेमून दिलेली होती, कोणी साहेब पाहायला येणार होते म्हणून. लाल तिकोन काढला, टोक खाली. त्याच्याजवळ जी ओळ लिहायची होती ती लिहिली नाही. काळ्या तेलरंगात, हातभर उंच अक्षरांत लिहिलं:

रबर को तेल मत लगाओ।
फट जाए तो छुपाओ मत, पूछो।
जो पूछे उस पर हँसो मत।

जवसाचं तेल घालूनच रंग पातळ केला होता. माणसं थांबून वाचत होती. दोघांतिघांनी मोठ्यानं वाचलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. डॉक्टर बाहेर आला. "ये क्या लिख दिया?"

"जो आपने नहीं बताया, साहब."

सरकारी भिंतींचं काम तिथंच सुटलं. संध्याकाळपर्यंत त्या ओळींवर चुना फिरवला गेला.

कौसाची पाळी आली नाही. आठ दिवस वर गेले तेव्हा मी सिस्टरांना जाऊन सांगितलं. सखूबुढी मुळी पदरात घेऊन दारात आली, तिला मी बाहेरूनच परत पाठवलं. नऊ महिने कौसा लेकरांचे कपडे शिवत राहिली आणि मी लोकांना विचारत राहिलो. मोठा दवाखाना कोणता, तिथं रक्त मिळतं का, कोण देऊ शकतं, माझं चालतं का. हसले लोक. मी हसलो नाही, विचारत राहिलो. वेळ आली तेव्हा चिठ्ठी खिशात होती. रक्त गेलंच, सिस्टर म्हणाल्या होत्या तसं. एक बाटली माझी चढवली. पोरगी जगली. कौसा जगली, पण त्यानंतर पाण्याची भरली घागर तिनं कधी उचलली नाही. जिना चढताना मध्ये बसते. कोणी त्याला नशीब म्हणालं तर मला राग येतो. अकरा रबरं आणि एक न दिलेलं उत्तर, एवढंच होतं ते. पहिलं माझं, दुसरं त्यांचं.

नस मी कापून घेतली. दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडं, आधी सगळं विचारून. तीन महिने थांबलो. सायकल अजून चालवतो.

आता म्हणे तशी गोळी निघाली आहे. ऐकलं तेव्हा मी म्हातारा, काठी टेकत औषधाच्या दुकानात गेलो आणि विचारलं, फाटल्यावरची गोळी कशी असते? काउंटरवरचा पोरगा फिस्सकन हसला. "बाबा, आपके लिए?" दुकानातली चार माणसं हसली. बेडूक म्हातारा झाला तरी मरत नाही, आला घशापर्यंत. मी म्हटलं, "मेरे लिए नहीं. हँस ले, फिर बता." मी काठी टेकून उभाच राहिलो. शेवटी त्यानं सांगितलं. लवकरात लवकर घ्यायची, तीन दिवसांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. गर्भ राहू नये म्हणून असते, राहिलेला पाडत नाही. रोज घ्यायची नाही. पाळी लांबली तर तपासून घ्यायची. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं, या खेपेला जरा मोठ्यानं. बाजूला एक जोडपं उभं होतं, पोरगी खाली मान घालून. तिनं मान वर केली.

दवाखान्याची ती भिंत अजून आहे. दरवर्षी चुना मारतात. तेलरंगावर चुना धरत नाही, हे कोणाही पेंटरला विचारा. एक पाऊस पडला की पापुद्रे सुटतात आणि माझी काळी अक्षरं वर येतात. आधी 'पूछो' येतं. तो शब्द मी दोन हात देऊन जाड केला होता.

माझ्या चुका मी तुम्हाला अजून सांगीन, आणि तुम्ही हसा, मला चालतं. चूक माझी आहे. पण विचारताना मी आता तोंड वासत नाही. आणि माझ्यासमोर कोणी विचारणाऱ्यावर हसला, तर दार उघडं आहे की बंद, रांग केवढी आहे, समोर कोण बसलंय, काही पाहणार नाही. आधी त्याला उत्तर द्यायला लावीन. हाँ या ना.